एका घराला चारच

छत्रपती संभाजीनगर,
८ ऑगस्ट

प्रिय आबेदा,

तुला आठवतं का, शाळा सुटली की छावणीतून आपला टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि घरी जायच्या आधी आपण दोघी तुझ्या अब्बांच्या दुकानाच्या पायरीवर दप्तरं टाकायचो? एकदा अब्बांनी ती दप्तरं उचलून मोठ्या तराजूत घातली, एका पारड्यात तुझं, दुसऱ्यात माझं. म्हणाले, बघू, सिस्टर लोकांनी कुणाला जास्त शिकवलंय. तुझं पारडं धाडकन खाली गेलं आणि तू अशी मान ताठ केलीस, की मला तिथंच रडू फुटायच्या बेतात होतं. मग अब्बांनी तुझ्या दप्तरात हात घातला आणि शाळेच्या आवारातले पाच पेरू एकेक करून बाहेर काढले. (पेरूला ते कायम जामच म्हणायचे.) "इल्म दोघींचं सारखंच," ते म्हणाले, "बाकी सगळा जाम आहे." कमरोद्दीन तेव्हा चार वर्षांचा होता. गुळाच्या ढेपेमागे बसून तो शेंगदाणे खात होता. त्याला कुणी तोललं नाही म्हणून त्यानं भोकाड पसरलं, तेव्हा त्यालाही तोललं. किलोचं राज्य येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती, अब्बांचा जीव अजून शेरातच होता. मुलगा सोळा शेर भरला की सतरा, यावर ते आणि एक गिऱ्हाईक बराच वेळ वाद घालत राहिले आणि तोवर मुलगा पारड्यात झोपून गेला.

तर सलाम आणि नमस्कार, दोन्ही. दूल्हाभाईंना माझा वेगळा सलाम सांग. तुझी शुगर कशी आहे? तुझ्या डाव्या कानाला ते नवीन यंत्र मानवलं का? माझे गुडघे आहेत तसेच आहेत, म्हणजे ते आहेत हे दिवसातून पन्नास वेळा कळतं. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, असं तू म्हणशील. पण तुला ऐकू यावं म्हणून तुझी सून तो फोन मोठ्या आवाजावर करून पलंगावर ठेवते, आणि माझ्या गुडघ्यांची हकिकत अख्खं लासूर स्टेशन ऐकतं. मागच्या खेपेला मी पोटाची तक्रार सांगत होते, तर कुणीतरी अनोळखी बाप्या मधेच म्हणाला, "ओवा खा, बाई." आज लिहायचं आहे ते एकट्या तुझ्यासाठी आहे. चष्मा लाव आणि पत्र हातात घेऊन गच्चीवर जा.

सिस्टर बिअ‍ॅट्रिसनी शिकवलं होतं, की पत्रात आधी ख्यालीखुशाली, मग हवामान, मग मुद्दा, आणि मुद्दा जितका अवघड तितका लवकर सांगावा. हवामान ठीक आहे. मुद्दा असा, की संक्रांतीपासून मी कमरोद्दीनच्या दुकानाची पायरी चढलेले नाही. तुझा निकाह झाल्यावर तू निघालीस, तेव्हा त्याच पायरीवर उभं राहून तू माझा हात धरला होतास आणि म्हणाली होतीस, "वच्छी, मी चालले. अब्बा थकलेत. कमूकडं बघ. सौदा इथूनच घेत जा." मी तुझ्या गळ्याची शपथ घेतली होती. (तुझ्याच गळ्याची का घेतली, देव जाणे. तुझा गळा त्या दिवशी दागिन्यांनी भरलेला होता, तोच डोळ्यांपुढे होता.) पंचेचाळीस वर्षांच्या वर मी ती शपथ पाळली. लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे गेले तरी पाळली, नानासाहेबांची बदली लांब होती ती तीन वर्षं सुट्टीला आलं की पोतं भरून नेलं. आणि आता, सत्तरीला, मी ती मोडली. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

मोडली कशी, ते सांगते. बायपासवर एक प्रचंड मोठं किराणा दुकान झालं आहे. बाहेरून गोदामासारखं दिसतं, आत गेलं की महाबळेश्वर. प्रत्येक वस्तूवर सूट. बद्री आणि सूनबाई बजाजनगरहून महिन्यातून एकदा तिथं येतात आणि दिवाळीला मामाकडं जाऊन आल्यासारखे तोंड भरून कौतुक करतात. सूनबाई म्हणाली, "आई, त्या उंच पायरीवर गुडघे कशाला दुखवता? इथं तर सगळं सपाट आहे." शेजारच्या मनकर्णाबाई फुलंब्रीच्या. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, ज्या गोष्टीला दार आहे त्यात त्यांना जायचं असतं. त्या म्हणाल्या, "चला की वो, बघून तर येऊ. लई गार असतं म्हणं." तेव्हा कारणं अशी : गुडघे, पायरी, सूट आणि मनकर्णाबाई. चारही कारणं चांगली आहेत. मी ती स्वतःलाही बऱ्याचदा सांगितली आहेत.

पहिल्या दिवशी काय झालं ते वाचून तू हसशील, आणि हसलीस तर मला बरंच वाटेल. मी नेहमीप्रमाणे घरून यादी लिहून नेली होती. माझी यादी तुला ठाऊक आहे. शाळेत सुवाच्य अक्षराचं बक्षीस मिळालं त्याच अक्षरात, समास सोडून, आणि प्रत्येक जिनसेपुढे कमरोद्दीनसाठी एकेक सूचना. 'तूरडाळ एक किलो. मागच्या खेपेला खडे निघाले.' 'गूळ अर्धा किलो. चिक्कीचा गूळ देऊ नये, गेल्या महिन्यात दिला होता.' 'साबण दोन. वास कमी असावा, मला शिंका येतात.' दारात निळा सदरा घातलेली एक मुलगी उभी होती, हसून नमस्कार करत होती. मी यादी तिच्या हातात दिली. आता यादी दिल्यावर माणूस काय करतं? बसतं. जवळच एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं, त्यावर मी बसले. मनकर्णाबाई फिरायला गेल्या. मी पाऊण तास बसले, आबेदा. कमरोद्दीनकडं यादी दिली की येतो तो चहा इथं कुठं अडला असेल, असं एक-दोनदा मनात आलं. दुकान मोठं आहे, चहा लांबून येत असेल, अशी मी समजूत घातली. माझ्या आजूबाजूला तशीच आणखी स्टुलं होती, पण त्यांवर कुणी बसलं नव्हतं, आणि लोक जाता-येता माझ्याकडं थांबून बघत होते. एक गृहस्थ तर वाकून माझ्या स्टुलाचे पाय तपासून गेले. शेवटी मनकर्णाबाई आल्या आणि ओरडल्या, "अवो, उठा तिथून! तुमच्यावर तीनावर एक फुकट लिवलंय!" मी बघितलं तर पाठीमागे खरोखरच पाटी होती. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की मी ते स्टूल विकतच घेतलं. एखाद्याच्या मालावर पाऊण तास बसायचं आणि तसंच उठून जायचं, हे आपल्या शाळेत कुणी शिकवलेलं नाही.

यादीचं पुढं काय झालं, ते चार दिवसांनी कळलं. एका मुलीचा फोन आला, आवाज फार गोड. "मॅडम, तुमची लेखी तक्रार आम्हाला मिळाली आहे." दारातल्या त्या मुलीनं माझी यादी तक्रारींच्या पेटीत टाकली होती! (यादीखाली नाव, पत्ता आणि फोन लिहायची सवय नानासाहेबांनी लावली.) ती म्हणाली, "पहिला मुद्दा तूरडाळीतल्या खड्यांचा. मॅडम, आपण ही डाळ आमच्याकडून कधी घेतली होती?" मी म्हटलं, बाळ, तुमच्याकडून घेतलीच नाही. तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि साबणामुळे आपल्याला शिंका आल्या?" मी म्हटलं, हो, पण ते जुनं आहे. अशा रीतीनं आम्ही दोघींनी अख्खी यादी वाचली, हळदीपासून काडेपेटीपर्यंत, आणि प्रत्येक जिनसेला तिनं माझी माफी मागितली. शेवटी विचारलं, "आपलं समाधान झालं का?" मी हो म्हटलं. काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर मला कमरोद्दीनची फार आठवण आली. तीस वर्षं मी त्याला खडे निघाले असं लिहीत आले आणि त्यानं एकदाही माफी मागितली नाही. "आपा," म्हणायचा, "खडे पुढच्या गल्लीतल्यांना देतो, तुम्हाला नजरचुकीनं आले."

पण मी परत गेले. दर महिन्याला गेले. ढकलगाडी कशी चालवायची ते शिकले. (तिचं एक चाक नेहमी वेगळ्या मताचं असतं.) सिस्टर बिअ‍ॅट्रिसचं वळण मात्र तिथं फार नडतं. गर्दीत पुढं घुसू नये, आधी दुसऱ्याला वाट द्यावी, हे त्यांनी आपल्या हाडांत भरलं. साखरेवर सूट होती त्या दिवशी मी साखरेच्या ढिगापुढे उभी राहून "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राहिले आणि माझी पाळी आली तेव्हा तिथं नुसती फळी होती आणि तिच्यावर मुंग्या. मग हात हलवत जायला नको, म्हणून शेजारी जे होतं ते घेतलं. असं मी बरंच काही घेतलं आहे. माझ्या घरात गेल्या महिन्यापर्यंत सात बाटल्या व्हिनेगर साठलं होतं. व्हिनेगरचं काय करतात ते मला नीट माहीत नाही. शाळेत सिस्टर लोक त्यानं काचा पुसायचे, एवढं आठवतं. बारा दातघासण्या आहेत, आणि मी एकटी राहते, आणि माझे स्वतःचे दात नऊ. शेवया आहेत, विलायती वळणाच्या, शंखासारख्या, त्या शिजल्यावर माझ्याकडं बघतात असं वाटतं. अर्ध्याहून जास्त पाकिटांवर 'वीस टक्के जास्त' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. कशापेक्षा जास्त, ते कुठंच लिहिलेलं नाही.

घरी येताना रिक्षा कमरोद्दीनच्या दुकानावरून येते. दुसरा रस्ता आहे, तो खड्ड्यांचा. मी सात महिने खड्ड्यांच्या रस्त्यानं आले, मनकर्णाबाई दर खड्ड्याला मला शिव्या देत होत्या. त्या दुकानाच्या पिवळ्या पिशवीवर मी जुनी दुलई टाकायची. एकदा रस्ता खोदलेला होता आणि रिक्षावाल्यानं विचारल्याशिवाय नेहमीच्या रस्त्याला घातली. कमरोद्दीन गल्ल्यावर बसलेला होता. त्यानं मला पाहिलं, उठून उभा राहिला आणि सलाम करायला कपाळाशी हात नेला. आणि मी, आबेदा, मी वर आभाळाकडं बघत राहिले, जशी काही तिथं कुणाची पतंग कटली होती. जून महिन्यात. रात्रभर मला ते आभाळ दिसत होतं.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. तीच खरी गोष्ट आहे, बाकी सगळं मी तिच्याकडं यायला घाबरत होते म्हणून लिहिलं.

मनकर्णाबाई आणि मी तेलाकडे गेलो होतो. तेलावर मोठी सूट होती आणि वर पाटी : 'एका घराला चारच पिशव्या.' मी वळले तर दोन रांगा पलीकडे एक ओळखीची पाठ. ती पाठ मी चार वर्षांची असल्यापासून बघते आहे. (पाठ चार वर्षांची, मी नव्हे.) कमरोद्दीन! शेजारी त्याची बायको वहिदा, आणि ढकलगाडीत तेल, साखर, साबणाची चळत. मी बादल्यांच्या ढिगाआड गेले. बादल्यांच्या फटीतून बघते, तर कमरोद्दीन दिसेना. म्हणून जरा मान पुढं काढली, तर पलीकडे कपडे धुवायच्या पावडरीच्या पोत्यांआडून त्याचं डोकंही तेवढंच पुढं आलेलं. तोही लपला होता! आम्ही दोघांनी डोकी आत घेतली. परत बाहेर काढली. किती वेळ हे चाललं असतं कोण जाणे, पण मनकर्णाबाईंनी आवाज दिला, आणि फुलंब्रीचा आवाज शेतावर जातो एवढा मोठा असतो. "अगं बया, कमरोद्दीनभाई! तुमचं दुकान बसलं का काय?"

"नाय मावशी," तो पोत्यांआडून बाहेर येत म्हणाला, "चालू आहे. चालू ठेवायलाच आलो." मग माझ्याकडं बघून हळूच, "आपा, मोंढ्यातला ठोक भाव इथल्या किरकोळ भावाच्या वर गेलाय. इथून नेतो, तिकडं विकतो. कुणाला सांगू नका." आणि मग, "तुमे इधर कैसे?"

मी काय म्हणावं? सिस्टर बिअ‍ॅट्रिसची शिष्या, खोटं बोलणं मला कधी जमलं नाही आणि त्या दिवशीही जमलं नाही. मी म्हटलं, "मी अशीच. गार हवा खायला." त्यानं माझ्या गाडीत बघितलं. पाच किलो आटा, दोन किलो साखर, आणखी एक व्हिनेगर. म्हणाला, "हौ. हवा लई जड झाली, आपा. गुडघ्यांना झेपंल का?"

बस, एवढंच बोलला. रागावला असता तर मी रडून मोकळी झाले असते. पण तो मग घाईघाईनं कामाचंच बोलू लागला, जसं अवघड प्रसंगी अब्बा बोलायचे. त्याला आठ पिशव्या तेल हवं होतं आणि पाटीवर चार. चार त्याच्या गाडीत होत्या. "तुमच्या नावावर चार घेता का, आपा? पैसे माझे." मी एवढ्या उत्साहानं हो म्हटलं, की बादल्या पडल्या. वाटलं, चला, सात महिन्यांचं पाप चार पिशव्यांत फेडू. तेल माझ्या गाडीत ठेवलं, आम्ही रांगेत उभे राहिलो, तो पुढं, मी मागं. मला तर तो बरा दिवस वाटायला लागला होता.

गल्ल्यावर चष्म्याची एक चलाख मुलगी होती. तिनं बहुधा त्याला पिशव्या माझ्या गाडीत ठेवताना पाहिलं असावं. तिनं विचारलं, "काका, तुम्ही आणि या काकू, एकत्रच ना? एकाच घरचे?"

कमरोद्दीन म्हणाला, "हौ बेटा. एकच घर है."

आणि त्याच क्षणी, त्याच्या शब्दावर शब्द पडेल असं, मी म्हणाले, "नाही. आमचा काही संबंध नाही."

अगं, मी तेलासाठी म्हटलं! मला वाटलं, हा विसरला, याला चार पिशव्या कमी मिळतील. तेल वाचवायचं म्हणून म्हटलं. आणि तो तेल साफ विसरून बोलला होता. मागचे लोक ओरडायला लागले, "अवो, ठरवा ना काय ते एकदा!" मुलीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि तिनं त्याचंच खरं धरलं. "एका घराला चारच, काकू," असं म्हणून माझ्या गाडीतल्या चारही पिशव्या उचलून मागं ठेवल्या. तेल गेलं ते गेलंच, आणि माझं ते वाक्य मात्र राहिलं. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, तेव्हा त्याचा चेहरा अगदी तसा होता, आपली दप्तरं तोलली आणि त्याला कुणी तोललं नाही तेव्हा होता तसा. फक्त आता दाढी पांढरी आहे. "जाऊ द्या आपा," म्हणाला, "चार तर चार." आणि माझ्या सामानाच्या दोन्ही पिशव्या उचलून रिक्षापर्यंत आला. व्हिनेगरची पिशवी हातात धरून त्यानं विचारलं, "हे कशाला लागतं?" मी म्हटलं, मलाही माहीत नाही. तेव्हा तो थोडा हसला.

तो स्वतःचं सामान आणायला परत गेला, तेव्हा वहिदा रिक्षापाशी थांबली. तिचा माझ्यावर राग आहे आणि तो तिनं लपवला नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. म्हणाली, "आपा, एक बात बोलू? तुमचं सामान हे दर महिन्याला बांधतात. एक तारखेला. फळीवर ठेवतात. महिना सरला, तुमी आल्या नाय, की पुड्या सोडतात. डाळ डाळीत, साखर साखरेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायला बसतात. मी बोलली, कायकू? तर बोलतात, आपाची यादी पाठ आहे, हात आपोआप चालतो." घरी येईपर्यंत मनकर्णाबाईंनी माझ्या दोन्ही पिशव्या स्वतःच्या मांडीवर धरल्या. आणि रिक्षा नेहमीच्या रस्त्यानं आली.

तर हे असं आहे. तू रागाव, मला चालेल. वाटलं तर पत्र दूल्हाभाईंना वाचून दाखव, पण सुनेला नको. सगळ्यांना माझा आशीर्वाद.

तुझी,
वच्छी

ता. क. वर मी चार कारणं लिहिली आहेत : गुडघे, पायरी, सूट आणि मनकर्णाबाई. ती चारही खोटी आहेत. पायरी तर कमरोद्दीननं मागच्याच वर्षी माझ्यासाठी फोडून दोन बुटक्या करून घेतल्या. खरं कारण असं. नानासाहेब दर एक तारखेला माझ्याबरोबर दुकानात यायचे, सामान बांधून होईपर्यंत बसायचे आणि बरणीतली बडीशोप खात कमरोद्दीनशी वाद घालायचे. निघताना कमरोद्दीन सगळ्या सामानावर एक पुडी ठेवायचा, बडीशोप आणि खडीसाखर. बाकी सगळं वर्तमानपत्रात, ती तेवढी पांढऱ्या कागदात. ती माझ्या यादीत कधीच नव्हती. नानासाहेबांना जाऊन या कार्तिकात दोन वर्षं होतील. ते गेल्यावरच्या पहिल्या एक तारखेला घरी येऊन पिशवी सोडली, तर वर ती पुडी. मला वाटलं, चुकून आली. पुढच्या महिन्यात पुन्हा. तो विसरला नव्हता, आबेदा, जनाज्याला द्यावा तसा त्यानंच तर खांदा दिला होता. मला त्याला "नको" म्हणता येईना, आणि ती पुडी बघवेना. चौदा पुड्या झाल्या. एकही उघडली नाही, सगळ्या एका डब्यात आहेत. संक्रांतीनंतर मला पंधरावी घरी आणायचा धीर झाला नाही. आणि त्या मोठ्या दुकानात कुणीच कुणाला ओळखत नाही, पाकिटावर लिहिलेलं असतं त्याहून तिळभर जास्त कुणी काही देत नाही. म्हणून गेले.

ता. क. दुसरा. आता कामाचं. बन्सी आडत्याकडचा माणूस बाजाराच्या दिवशी लासूरला येतो आहे, त्याच्याबरोबर एक मोठं पोतं पाठवते आहे. सगळं दुपारच्या आत नीट वाटून टाक. व्हिनेगरच्या बाटल्या (आता आठ) तुझ्या सुनेला दे, ती शिकलेली आहे, तिला माहीत असेल. दातघासण्या नातवंडांना, प्रत्येकी दोन, आणि रंगावरून भांडू देऊ नकोस. शंखांच्या शेवया दूल्हाभाईंना करून घाल आणि काय म्हणतात ते कळव. आटा आणि साखर तुझ्याकडं भांडी घासायला येते त्या सारजाबाईला. ओवा खायला सांगणाऱ्या त्या गृहस्थांना साबणाची एक वडी द्यावी, त्यांच्या ओव्यानं खरंच आराम पडला.

पोत्यात एक निळं स्टूल आहे. ते तुझ्यासाठी नाही. ते घेऊन तू गुरुवारच्या सकाळच्या गाडीनं इकडं ये. (मला कळतं, की दुकान माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे आणि स्टूल चाळीस किलोमीटर जाऊन चाळीस किलोमीटर परत येणार आहे. पण मी एकटी ते उचलून त्याच्यापुढं जाऊ शकत नाही, आणि तू बरोबर असलीस तर जाऊ शकते.) ते कमरोद्दीनला दे. नानासाहेब बसायचे तिथं मांड म्हणावं. त्यावर पाऊण तास बसून पाहिलेलं आहे, पाय पक्के आहेत.

या पाकिटात एक दुमडलेला कागद आहे, तोही त्याच्या हातात दे. ती या महिन्याची यादी. पहिली जिन्नस तूरडाळ एक किलो, पुढे सूचना आहे. अगदी खाली, काडेपेटीनंतर, मी एक ओळ लिहिली आहे : 'तेलाच्या पिशव्या चार. एका घराला चारच मिळतात, तेवढ्याच द्याव्यात.' ती त्यानं तुझ्यादेखत वाचावी.

तो सामान बांधायला बसला की तू काही बोलू नकोस. सगळं झाल्यावर वर एक पांढऱ्या कागदाची पुडी येईल. सामान कुणीही उचललं तरी चालेल, मनकर्णाबाईही येतीलच. ती पुडी मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. ती माझ्या हातात दे.